निघताना झाडलेली खोली

आमच्या घरात कुणी गावाला निघालं की त्याच्यामागे लगेच केरसुणी फिरवत नाहीत. माणूस पोचल्याची खबर आली की मगच घर झाडायचं. माझे आप्पा, म्हणजे वडील, या बाबतीत फार कडक. मी पुण्याला शिकायला होते तेव्हा सुट्टी संपवून आमच्या गावाहून, पालमहून, एसटीनं निघायचे, आणि मी हॉस्टेलच्या कोपऱ्यावरून फोन करेपर्यंत माझा पसारा तसाच पडून राहायचा. शेंगांची टरफलं, केसांचा गुंता, वर्तमानपत्राचे कपटे, काहीही उचलायचं नाही. आई वैतागायची. "पोरगी पुण्याला जायली का लढाईला?" म्हणायची. पण तीही हात लावायची नाही.

मी या रिवाजाला भरपूर हसले आहे. पुढं आम्ही जग फिरायला निघालो तेव्हाही हसले. आप्पांनी त्या वेळी घर किती दिवस तसंच ठेवलं असेल, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

जग फिरायचं खूळ आधी माझं, मग नवऱ्याचं. त्याचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही करता येणारं. लॉकडाऊनच्या काळात दोन खोल्यांत चौघांनी कोंडून दिवस काढल्यावर मला त्या भिंतींचा उबग आला होता. मुलगी दुसरीत होती, मुलगा अजून शाळेत जायचा होता. मी म्हटलं, पुस्तकातला भूगोल घोकण्यापेक्षा पोरांना भूगोलातच नेऊन सोडू. वाक्य मला इतकं आवडलं की भेटेल त्याला ऐकवत सुटले. पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिला, सामान विकलं, उरलेलं वाटलं. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली, त्याचाही मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

आप्पांना सांगायला पालमला गेले. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. आप्पा एकटेच राहायचे. पुढं कटलरीचं दुकान, मागं घर. दुकानात बांगड्या, रिबिनी, टिकल्या, पिना, कंगवे. आम्ही लिंगायत. आप्पांच्या गळ्यात लिंग, रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, त्याशिवाय तोंडात चहाचा घोटही नाही. लहानपणी त्यांनीच मला शिकवलेलं, की आपल्याला देवळात जायची गरज नाही, आपला देव आपल्याबरोबर असतो, बसू तिथं देऊळ. तेच वाक्य मी त्यांच्यावर उलटवलं.

"तुम्हीच म्हणता ना आप्पा, देवाला ठरलेली जागा लागत नाही? मग माणसाला कशाला लागते?"

आप्पा एका बाईला बांगड्या भरत होते. तिचा हात कडक होता, त्यामुळे सगळं लक्ष तिकडं. शेवटची बांगडी चढवून झाली, बाई गेली, मग म्हणाले, "देवाला लागत न्हाई. लेकराला लागती."

मी हसून विषय बदलला. वाद जिंकल्यासारखं वाटत होतं.

जवळजवळ तीन वर्षं आम्ही फिरलो. ती वर्षं वाईट होती असं मी म्हणणार नाही. व्हिएतनाममध्ये मुलगी सायकल शिकली. जॉर्जियातल्या एका खेड्यात मुलानं शेळीचं दूध काढलं आणि आठवडाभर हात धुऊ दिले नाहीत. तुर्कस्तानात घरमालकिणीनं मला भाजलेल्या वांग्याचं काहीतरी शिकवलं. मी तिला ज्वारीची भाकरी थापून दाखवली, ती तिनं भिंतीवर टांगायच्या शोभेच्या ताटलीसारखी धरून बघितली. पोर्तुगालमध्ये समुद्राच्या काठी बसून आम्ही पाढे म्हटले. पोरं धीट झाली. कुठल्याही माणसाशी बोलतील, काहीही खातील, कुठंही झोपतील. माझी मुलगी तर प्रत्येक देशात पोचताच आधी तिथल्या भाषेत आभार कसे मानायचे ते शिकून घ्यायची.

एका ठिकाणी महिना, दोन महिने, फार तर तीन. मग निघायचं. निघायची आमची एक पद्धत बसून गेली होती. सकाळी उठल्यावर पलंगावरच्या चादरी काढून घडी करायच्या. भांडी विसळून पालथी घालायची. खोली झाडायची. मग मी गुडघ्यांवर बसून पलंगाखाली, कपाटाखाली बघायचे, काही मागे राहिलं का. शेवटी घरमालकाला पोरांनी हातानं काढलेलं चित्र द्यायचं आणि आभार मानायचे. मुलगा त्या वेळी विचारायचा, "किती स्टार द्यायचे?" कारण बाबा निघाल्यावर गाडीत बसून मोबाइलवर त्या घराला तारे द्यायचा, हे त्याला ठाऊक होतं. लोक आमच्या पोरांचं कोण कौतुक करायचे. अशी वळणाची पोरं आम्ही पाहिली नाहीत म्हणायचे. मी फुगायचे.

व्हिएतनाम सोडताना मुलगी विमानतळापर्यंत रडली होती. घरमालकिणीच्या पिवळ्या कुत्रीत तिचा जीव अडकला होता. मी समजूत काढली, "अगं, पुढे किती तरी कुत्री भेटतील." आणि भेटलीच की. जॉर्जियात ती थोडी रडली. तुर्कस्तानात डोळे भरले, पण गाडी वळेपर्यंत पुसलेही. पोर्तुगालमध्ये शेजारच्या मुलीबरोबर ती दिवसचे दिवस असायची. निघताना तिनं तिला मिठी मारली, हात हलवला आणि गाडीत बसून पुस्तक उघडलं. ती दुसरी मुलगी रस्त्यात उभी राहून हमसाहमशी रडत होती. मी त्या दिवशी घरच्या ग्रुपवर लिहिलं, आमची लेक किती समजूतदार झाली आहे बघा. अंगठे आले, फुलं आली. आप्पांकडून मात्र काही आलं नाही. ते रोज सकाळचा नमस्कारसुद्धा न चुकता पाठवणारे.

अजून एक गोष्ट होती. मुलगी प्रत्येक गावातून दगड उचलायची. साधे दगडच, नदीतले, रस्त्यातले. आमचं सामान मोजकं, एकेकाची एकच पिशवी, विमानात वजनाची कटकट. त्यामुळे निघायच्या दिवशी मी तिच्या मोज्यांतून, दप्तराच्या खणांतून दगड शोधून काढायचे आणि बाहेर टाकून यायला लावायचे. "दगड काय गं, सगळीकडे सारखेच असतात," मी म्हणायचे. ती हुज्जत घालायची नाही, टाकून यायची. निदान मला तसं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात आम्ही महिनाभरासाठी पालमला आलो. पुढं मेक्सिकोला जायचं ठरलं होतं, मध्ये रिकामा महिना होता. आम्ही येणार म्हटल्यावर आप्पांनी माडीवर नवी खोली बांधून घेतली. वर स्लॅब, भिंतीत शहाबादी फरशीचे कप्पे, खिडकीतून बसस्टँडचा गलका. खालच्या कप्प्यांत दुकानातले रिकामे डबे कोंबलेले होते, बाकी सगळी खोली पोरांची. चुन्याचा वास अजून गेला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावून सांगितलं, "शेजारचा सारखा मागं लागलाय. घर, दुकान, सगळंच मागायलाय. त्याला मोठं कापडाचं दुकान काढायचंय. मी अजून हो म्हन्लो न्हाई."

"मग?"

"मला आता हे किती दिस व्हनार? ठेवायचं ते पोरांसाठी. पोरायला इथं करमलं, आपलं वाटलं, तर ठेवतो. न्हाई तर देऊन टाकतो."

म्हणजे परीक्षा होती. पोरांना तिचा पत्ता नव्हता आणि मी त्यांना सांगितलं नाही. सांगून आपलेपणा थोडाच येतो, असं मला वाटलं. ते बरोबरच होतं. पण बाकी काय काय चुकत गेलं ते मोजायला बसले तर दुसरं काही करता येणार नाही.

महिना छान गेला. मुलगा आप्पांच्या मांडीवर बसून गल्ल्याचा खण उघडझाप करायचा. मुलगी बांगड्यांच्या मापात तरबेज झाली. बाईचा हात बघून सव्वादोन की अडीच ते आप्पांच्या आधी सांगायची. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून बाया येत. त्या तिला विचारायच्या, "कुनाची गं तू? गाव कोन्तं तुजं?" पहिल्यांदा ती गोंधळली. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आम्ही फिरतो." बाई हसली, "अगं माय, फिरतंय तर सगळंच जग. गाव कोन्तं?" आप्पा मान खाली घालून बांगड्यांच्या दोऱ्याची गाठ सोडत होते. ती गाठ त्या दिवशी बराच वेळ सुटली नाही.

एकदा मुलीनं त्यांच्याकडे रिकामा डबा मागितला. त्यांनी बांगड्यांचा चांगला जाड पुठ्ठ्याचा डबा दिला, वरून लाल कागद लावलेला. "काय ठेवतीस?" "असंच." आप्पांनी पुढं विचारलं नाही.

निघायचा दिवस आला. गंगाखेडची एसटी सकाळचीच होती, तिथून पुढं रेल्वे. आप्पा पूजा आटोपून आमच्यासाठी दही आणायला बाहेर गेले. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, तेही ताजंच हवं. ते परत आले तेव्हा मी जिन्यावर पिशव्या उतरवत होते. माडीवरून खर्र खर्र आवाज येत होता. आप्पा दह्याचं भांडं हातात घेऊन तसेच वर गेले. मीही मागोमाग गेले.

खोली लख्ख होती. चादरींच्या घड्या पलंगाच्या पायथ्याशी, उशा वर. पाण्याचे पेले धुऊन खिडकीत पालथे. आणि माझी मुलगी कमरेत वाकून केरसुणीनं दारापर्यंत आलेली, मागं एक कपटा नाही. आप्पांना बघून ती सरळ उभी राहिली. हात फ्रॉकला पुसून तिनं पलंगावरचं चित्र उचललं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "थँक यू आप्पा. आम्हाला इथे खूप छान वाटलं."

मुलगा मागून ओरडला, "पाच स्टार!"

आप्पा हसले. मोठ्यानं हसले, खरं तर. मग दह्याचं भांडं पुढं करून म्हणाले, "हात करा पुढं." सगळ्यांच्या हातावर त्यांनी दही घातलं. एसटीत बसल्यावर मुलीनं खिडकीतून हात हलवला आणि पुस्तक उघडलं. नवरा म्हणाला, "काय मस्त आवरलं गं हिनं!" मला त्या क्षणी त्याचा संताप आला, आणि माझा त्याहून जास्त. पण मी मुलीला काही विचारलं नाही. काय विचारणार होते? तू आजोबांचं घर हॉटेलासारखं का सोडलंस? ते तिला शिकवलं कुणी?

पोचल्यावर फोन केला. वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "पोचलो आप्पा. आता झाडा घर."

"झाडायला काई ठेवलंच न्हाई की लेकरानं," आप्पा म्हणाले.

मेक्सिकोत असताना त्यांचा फोन आला. घर देऊन टाकलं होतं. वर तेच माझी समजूत काढायला लागले. "तू मनाला लावून घेऊ नको. पोरगी पाव्हन्यासारखी राह्यली, पाव्हन्यासारखी गेली. लय गुनाची हाय. तिची त्यात चूक न्हाई. आता मलाबी एकट्याला झेपत न्हाई." मी म्हणायला हवं होतं, आप्पा, थोडं थांबा. म्हटलं नाही. मनात कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं, की चला, आता मागं कुणी वाट बघणारं घर नाही, अपराधी वाटायला नको. माणूस स्वतःला किती हुशारीनं फसवतो.

त्यानंतर आमचं फिरणं फार चाललं नाही. नवऱ्याच्या कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मुलगाही शाळा, शाळा करत होता. त्याला रोज तीच मुलं भेटतील अशी जागा हवी होती. आम्ही पुण्याला त्याच फ्लॅटमध्ये परत आलो. तोवर पालमच्या शेजाऱ्यानं बांधकाम काढलेलं. आप्पा तिथं एका भाड्याच्या खोलीत होते; त्यांना आम्ही आमच्याकडे आणलं. एक ट्रंक, एक वळकटी, गळ्यातला देव. एवढंच सामान. आमच्यापेक्षाही कमी.

ते आले त्या दिवशी मुलगी शाळेतून धावत आली. त्यांच्या पाया पडली आणि ट्रंकेकडे बघत विचारलं, "माझा डबा आणला?"

"कोन्ता डबा, बाई?"

"लाल. बांगड्यांचा. माझे दगड होते त्यात. वर खोलीत, खालच्या कप्प्यात, अगदी मागे."

माझ्या हातात चहाचे कप होते. ते मी ओट्यावर ठेवून दिले. हळूहळू विचारलं तेव्हा सगळं कळलं. प्रत्येक गावचा एक दगड तिनं माझ्यापासून वाचवला होता. बाकीचे टाकून यायची, एक चपलेत लपवायची. व्हिएतनामचा, जॉर्जियाचा, सगळे. इतक्या घरांतून ते बरोबर नेले आणि पालमला ठेवले.

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

तिला प्रश्नच कळला नव्हता. "आपल्या घरात ठेवलेलं कशाला सांगायचं?"

"आणि खोली का झाडलीस गं?"

"घाण झाली होती म्हणून."

"आणि थँक यू?"

"तूच सांगितलंस ना, निघताना म्हणायचं."

आप्पा पलंगावर बसले होते. ते उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "सापडला व्हता मला. घर खाली करताना. हालवला तर खडखड वाजला. उघडला तर खडे. मला वाटलं, लेकरायचा खेळ. दारात बांधकामाची खडी पडली व्हती, तिच्यावर ओतून दिले. डबा भंगारवाल्याला."

आप्पा आपले बोटांनी गळ्यातल्या लिंगाची डबी चाचपत होते.

दुसऱ्या दिवशी ते कुणाचंही न ऐकता गाडीत बसून पालमला गेले. या वयात, एकटे. मी दिवसभर घराला केरसुणी लावली नाही. कुणी सांगितलं नव्हतं, हात धजला नाही. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. त्या खडीचा केव्हाच पाया आणि स्लॅब झाला होता. पण दारासमोर थोडी सांडलेली, मातीत रुतलेली होती. ती उकरून, पाण्यानं धुऊन त्यांनी आणली होती. पिशवी जमिनीवर उपडी केली आणि मुलीला म्हणाले, "बघ बरं बाई, यातला एखादा तरी तुजा हाय का?"

सगळी काळी खडी. गंगाखेड रोडवर पडते तीच. मुलगी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. तिनं एकेक खडा उचलून पाहिला, घाई न करता, सगळे. आप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते.

मग तिनं सगळे खडे ओंजळीनं परत पिशवीत भरले.

"राहू द्या आप्पा," ती म्हणाली. "दगड काय, सगळीकडे सारखेच असतात."

ती रडली नाही. पिशवीला गाठ मारून तिनं ती आजोबांच्या ट्रंकेजवळ नीट ठेवली आणि अभ्यासाला बसली.